ख्रिस्ती म्हणून वेगळे दिसायचे, ते नेमके कुठे?

पत्राचा गोषवारा : सांगलीत राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका ख्रिस्ती भगिनीचे हे पत्र आहे. त्या मार्केट यार्डातील बेदाण्याच्या एका आडत पेढीत हिशेब लिहितात. यजमान एस. टी.च्या कार्यशाळेत नोकरीला आहेत, मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या संजीवन सभा झाल्या. ‘ख्रिस्ती माणूस चारचौघांत ओळखू आला पाहिजे’ हा तेथील संदेश त्यांच्या मनाला फार लागला. त्यांनी टिकली लावणे सोडले, गळ्यात ठसठशीत क्रूस घातला आणि दारावर वचनाची पाटी लावली. शेजारच्या घरातील सत्यनारायणाचा प्रसाद त्यांनी दारातूनच परत पाठवला आणि तेव्हापासून शेजारीण बोलेनाशी झाली आहे. शाळेत डबा उघडण्यापूर्वी मोठ्याने प्रार्थना कर, असे त्यांनी मुलीला सांगितले, तर मुलगी रडली. दसऱ्याला पेढीतील वह्यांची आणि काट्याची पूजा होते, त्या वेळी काय करावे या काळजीने त्यांना आतापासूनच झोप लागत नाही. यजमानांचे म्हणणे असे, की लोकांत राहायचे तर लोकांसारखे राहावे, श्रद्धा मनात असते. ‘मी मागे हटले, तर प्रभूला नाकारल्यासारखे होईल का? आणि पुढे गेले, तर घर आणि शेजार दोन्ही तुटेल का?’ असे त्या विचारतात.

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमचे पत्र वाचताना सर्वांत आधी जाणवली ती तुमची तळमळ, आणि पुढे मी काही प्रश्न विचारणार असले तरी त्या तळमळीवर पाणी ओतण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवते. तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या आपल्या घरांत श्रद्धा पुष्कळदा रविवारची उपासना, नाताळचा फराळ आणि लग्नपत्रिकेवरचा क्रूस एवढ्यापुरती उरते. अशा वेळी ‘माझ्या जगण्यात प्रभू कुणाला दिसतो का?’ हा प्रश्न एखाद्या व्यक्तीला मनापासून पडावा, ही मंडळीसाठी आनंदाचीच गोष्ट आहे. तुमच्या यजमानांचे ‘श्रद्धा मनात असते’ हे म्हणणे मला अर्धेच पटते. मनातली गोष्ट हातांत, जिभेवर आणि पैशांच्या व्यवहारात कधीच उतरत नसेल, तर ती मनात तरी आहे का, असे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही असतो.

तथापि तुम्ही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात आणि ती तपासून पाहावी असे मला वाटते. ख्रिस्ती माणसाचे वेगळेपण कपाळ, गळा, दार आणि ताट या चार ठिकाणी दिसते, किंबहुना तेथेच दिसले पाहिजे, असे तुमच्या पत्रातील प्रत्येक निर्णयावरून दिसते. ही चार ठिकाणे कोणी ठरवली? संजीवन सभेतील संदेशात ती होती, की तो संदेश ऐकताना आपल्या सवयीने तुम्ही ती भरली? मला दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण आपल्या गावांत माणसाचा धर्म आणि जात याच ठिकाणी वाचण्याची सगळ्यांनाच सवय आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतात, की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करतील. त्याच प्रवचनात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पुढच्याच अध्यायात, ते बजावतात, की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, प्रार्थना खोलीचे दार लावून करा, उपास कराल तेव्हा तोंड धुऊन डोक्याला तेल लावा. ही दोन वचने एकमेकांना छेद देतात असे वरवर वाटते. परंतु दोन्ही ठिकाणी कोणत्या गोष्टींचा उल्लेख आहे ते पाहिले, म्हणजे उलगडा होतो. लोकांना दिसावे असे जे म्हटले आहे, ते सत्कर्म आहे, म्हणजे दुसऱ्यापर्यंत पोहोचलेली कृती. झाकून ठेवावे असे जे म्हटले आहे, ते दान, प्रार्थना आणि उपास, म्हणजे ज्यांच्यामुळे करणाऱ्याचा मान वाढण्याचा धोका असतो अशा गोष्टी. उपासाची खूण तर प्रभूंनी मुद्दाम पुसून टाकायला सांगितली आहे. तुमच्या यादीतील प्रत्येक गोष्ट या दोहोंपैकी कोणत्या बाजूला पडते, हे तुम्हीच पाहावे. मी फक्त एवढेच नोंदवते, की टिकली काढल्यामुळे आजवर कुणाच्या घरी काही पोहोचलेले नाही.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकही याच प्रश्नाशी झगडत होते. दियोग्नेतस नावाच्या गृहस्थाला लिहिलेले एक जुने ग्रीक पत्र उपलब्ध आहे आणि ते सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याच्या अज्ञात लेखकाने म्हटले आहे, की ख्रिस्ती लोक देश, भाषा किंवा चालीरीती यांवरून इतरांपासून वेगळे नाहीत. ते ज्या नगरात राहतात तेथील पेहराव आणि खाणेपिणे स्वीकारतात. मग वेगळेपण कुठे? तर इतरांप्रमाणे त्यांनाही मुले होतात, पण नको असलेले तान्हे मूल उघड्यावर टाकून देण्याची त्या काळची रीत ते पाळत नाहीत, आणि पंगत सगळ्यांसाठी खुली ठेवली, तरी विवाहाची मर्यादा ते मोडत नाहीत. त्या काळच्या रोमी नगरात एखाद्या घरी नकोशी मुलगी जन्मली आणि ती उंबऱ्याबाहेर गेली नाही, यावरून ते घर ओळखू येत असे. गळ्यात काय आहे, हे पाहण्याची गरजच पडत नसे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि सभेतील उपदेशात तो सहसा येत नाही. सांगली-सातारा भागातील आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हा वेगळे दिसणे ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. गावाने त्यांना पिढ्यान्पिढ्या वेगळे ठेवलेले होते. त्यांची वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, पाण्याचे भांडेही वेगळे होते. सुवार्तेने त्यांना दिलेली मोठी गोष्ट म्हणजे एकाच मेजावरचे प्रभुभोजन. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय सुरू केले. परक्या जातीच्या रोग्याच्या जखमेला हात लावायला जेव्हा लोक कचरत असत, तेव्हा त्या रुग्णालयातील परिचारिका ते काम करीत होत्या. मी मिरजेत वाढले, आणि आमच्या लहानपणी ‘मिशनची माणसे’ या शब्दांमागे लोकांच्या मनात हीच ओळख होती. म्हणून वेगळेपणाची कोणतीही नवी खूण स्वीकारण्यापूर्वी मी स्वतःला विचारते, की हिच्यामुळे माझ्या घराचे दार कुणासाठी उघडले जाते, की बंद होते? तुमच्या शेजारणीपुरते ते सध्या बंद झाले आहे, आणि याचे दुःख तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसते.

टिकली, मंगळसूत्र, क्रूस यांविषयी फार लिहीत नाही, कारण यात पाप-पुण्याचा प्रश्न मला दिसत नाही. आपल्याच मंडळ्यांत काही भगिनी टिकली लावतात, काही लावत नाहीत, काहींच्या मंगळसूत्रात क्रूस असतो, आणि यावरून कुणाची श्रद्धा मोजण्याचा कुणालाही अधिकार नाही. तुमचे मन सांगत असेल, तर लावू नका. पण लावणाऱ्या बहिणीला कमी लेखू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि आपला साधा भारतीय वेष बदलला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे तेथील मठातील भगिनींनी सुचवले, तेव्हा रमाबाईंनी कळवले, की काही लिहायचेच असेल, तर ते माझ्या देशाच्या संस्कृत भाषेत असावे. ख्रिस्ती होण्यासाठी आपल्या मातीतील काय टाकावे लागते आणि काय मुळीच टाकावे लागत नाही, याची इतकी स्वच्छ जाण त्यांना होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. अभंग-कीर्तनातून ख्रिस्त सांगणारा हा माणूस सातारकरांना परका वाटावा, असे त्याच्या वागण्याबोलण्यात काही नव्हते, आणि तरीही तो कोणाचा आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

दारावरची पाटी खुशाल राहू द्या. फक्त हल्ली धर्माची चिन्हे किती चटकन पक्षाचे निशाण बनतात, याचे भान असावे. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली, ती आपल्या भागातील कोणीही विसरलेले नाही. घरात येणाऱ्याचे स्वागत करणारे वचन आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सुनावणारे वचन यांत फरक असतो. तुम्ही कोणते वचन लावले आहे, ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून एवढे सुचवते.

आता प्रसादाचा प्रश्न. येथे थोडे सावकाश जाऊ, कारण ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला प्रेषित पौलाने जे लिहिले, ते जणू आपल्या वाड्यांसाठी आणि अपार्टमेंटसाठीच लिहिले आहे. तेथेही मूर्तीला वाहिलेले अन्न बाजारात आणि शेजाऱ्यांच्या ताटांत येत असे. पौलाचे उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही. मूर्ती जगात काहीच नाही, हे तो मान्य करतो, परंतु मंदिरातील पूजेच्या मेजावर सहभागी होऊ नका, असेही तो ठाम सांगतो, कारण प्रभूचे मेज आणि ते मेज दोन्हींत वाटेकरी होता येत नाही. बाजारात विकायला आलेले मात्र चौकशी न करता खा, असे तो म्हणतो. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि तुम्हाला जावेसे वाटले, तर जा आणि पुढे वाढलेले खा. मात्र ‘हे वाहिलेले आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर ते सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे पूजा, बाजार, घरचे ताट आणि मुद्दाम विचारलेला प्रश्न या चारही प्रसंगांत पौल वेगवेगळे वागायला सांगतो, आणि प्रत्येक वेळी समोर माणूस कोण आहे, हे पाहायला सांगतो.

तुमच्या विवेकाला प्रसाद घेणे पटत नसेल, तर घेऊ नका, आणि यात तुमची चूक झाली असे मी म्हणणार नाही. चूक झाली असेलच, तर ती परत पाठवण्याच्या रीतीत. शेजारणीने देवापुढचे पहिले तुमच्या घरी पाठवले, ते तुमची श्रद्धा तपासण्यासाठी नव्हते. आपल्या घरच्या मंगल कार्यात तुम्हाला धरावे म्हणून तिने ते पाठवले होते. दारातल्या दारात ताटली परत गेली, त्या वेळी तिला ऐकू आले ते एवढेच, की तुझ्या घरचे आम्हाला चालत नाही. आपल्या पूर्वजांनी हेच वाक्य किती सोसले, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय ही गोष्टही आठवून पाहा, की नाताळात आपण करंज्या, चकल्या आणि केकची ताटे शेजारी पाठवतो, तेव्हा त्यावर आपण प्रार्थना केली आहे का, असे कुणीही विचारत नाही. सगळे मनापासून घेतात.

म्हणून माझी विनंती अशी, की तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा. सोबत खायला काही न्या. ‘वहिनी, त्या दिवशी मी ज्या रीतीने ताटली परत केली, त्याने तुम्ही दुखावल्या असाल. पूजेतला प्रसाद मी घेत नाही, ही माझ्या श्रद्धेची गोष्ट आहे, पण तुमच्या घरचा चहा आणि तुमच्या हातचे जेवण मला नेहमीच हवे आहे,’ एवढे सरळ बोला. लांबलचक वचने सांगू नका. प्रेषित पेत्राने लिहिले आहे, की तुमच्या आशेविषयी कोणी विचारले, तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आधी त्यांना विचारू द्या. संक्रांतीला बोलावणे आले, तर अवश्य जा, तिळगूळ घ्या, गोड बोला. हळदी-कुंकू नको असेल, तर करंडा पुढे येताच हात जोडून हसत ‘माझे राहू द्या’ म्हणा आणि शेजारी बसलेलीच्या मुलाची चौकशी करा. मंडळाची वर्गणी मागायला मुले आली, तर मी स्वतः मंडळाच्या रक्तदान किंवा आरोग्य शिबिरासाठी म्हणून पैसे देते आणि तसे पावतीवर लिहून घेते. आजवर त्यावरून कुणाशी वाद झालेला नाही. तुम्हाला याहून वेगळे पटले, तर तसे करा. अशा बाबतींत प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, हा पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातील सल्ला मला शहाणपणाचा वाटतो.

दसऱ्याची पूजा याहून अवघड आहे, कारण तेथे मालक आहेत आणि नोकरी आहे. पवित्र शास्त्रात या प्रसंगाची दोन उदाहरणे आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवावीत. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर इस्राएलाच्या देवाला शरण आला, पण आपली अडचण त्याने संदेष्टा अलीशापुढे मांडली, की माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, याची क्षमा व्हावी. अलीशाने त्याला ना नियम सांगितला ना दटावले. ‘शांतीने जा’ एवढेच तो म्हणाला. दुसरीकडे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या दानीएलाने बाबेली नाव स्वीकारले, तेथील विद्या शिकली, राजाची चाकरी पत्करली, आणि राजाच्या ताटातील अन्नापाशी मात्र तो थांबला. तेथेही त्याने ताट ढकलून दिले नाही. खोजांच्या सरदाराकडे त्याने विनंती केली, ती मान्य होईना तेव्हा देखरेखीवरील कारभाऱ्याला दहा दिवस पाहून मग ठरवा असे सुचवले, आणि आपल्यामुळे कोणावर राजाचा कोप होणार नाही, याची काळजी घेतली.

तुम्ही दानीएलाच्या वाटेने जावे, असे मला वाटते. दसऱ्याच्या दिवशी सगळे जमलेले असताना, आरतीच्या वेळी बाहेर निघून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. महिनाभर आधी, दुपारी पेढी रिकामी असताना मालकांशी बोला. ‘मी त्या दिवशी सकाळी लवकर येऊन सगळी साफसफाई करीन, वह्या मांडून ठेवीन, आलेल्या माणसांचे चहापाणी पाहीन. पूजा माझ्या हातून करवून घेऊ नका आणि हळदी-कुंकू वाहायला मला सांगू नका,’ असे सांगा. तुम्ही कष्टांतून अंग काढून घेत नाही आहात, हे त्यांना दिसले पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक मालक एवढे समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

मुलीविषयी थोडक्यात पण ठामपणे सांगते. तिला मोकळे करा. बारा वर्षांच्या मुलीला वर्गात आपल्या श्रद्धेचा झेंडा धरायला लावू नये. डबा उघडताना डोळे मिटून मनात दोन शब्द म्हण, हे पुरेसे आहे, आणि तेही तिने विसरले तर चालेल. वर्गात एकट्या पडलेल्या मुलीजवळ बसून तिने आपला डबा वाटून खाल्ला, तर घरी त्याचे मनापासून कौतुक करा. मुले कौतुक कशाचे होते यावरून धर्म शिकतात.

आता ज्या कारणासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, तेथे येते. तुमच्या चार पानी पत्रात एक वाक्य आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे : ‘कामाच्या ठिकाणी पट्टीत थोडे इकडेतिकडे करावे लागते, पण ते सगळ्याच पेढ्यांत चालते, त्याला माझा इलाज नाही.’ टिकलीवर तुम्ही एक पान लिहिले आहे आणि पट्टीवर एक ओळ. ताई, मला वाटते की तुम्हाला सापडत नसलेली जागा हीच आहे.

ज्या वाचकांना या व्यवहाराची माहिती नाही, त्यांच्यासाठी सांगते. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, जत या भागांतील शेतकरी द्राक्षे वाळवून बेदाणा करतो, तो शीतगृहात ठेवतो, आणि आडत्यामार्फत सौद्यात विकतो. विक्रीनंतर पेढीकडून त्याला पट्टी मिळते. तीत वजन, दर, तूट, हमाली अशी कलमे असतात आणि शेवटी हातात येणारी रक्कम असते. बागेचे वर्षभराचे औषधपाणी, छाटणीची मजुरी, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, सगळे त्या शेवटच्या आकड्यावर अवलंबून असते. तुमच्या हातातील पेनाने प्रत्येक बॉक्समागे थोडेसे वजन कमी लिहिले गेले, तर ते कुणाच्या घरातून जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. लेवीयाच्या पुस्तकात ‘खरी तराजू, खरी वजने’ ही आज्ञा आहे, आणि खोटा काटा परमेश्वराला अमंगळ वाटतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. मूर्तीविषयी जो शब्द शास्त्र वापरते, जवळजवळ त्याच कठोरपणाने ते काट्याविषयी बोलते.

‘मग नोकरी सोडू का?’ असे तुम्ही विचाराल. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा तो त्यांना नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच म्हणाला. शिपायांनाही त्याने सांगितले, की कोणावर जुलूम करून पैसे काढू नका आणि आपल्या पगारात समाधान माना. पश्चात्तापाचे फळ त्याने प्रत्येकाला त्याच्या रोजच्या कामात, त्याच्या हातातल्या वहीत आणि काठीत दाखवून दिले. मला तुमच्यासाठी याहून नेमका उतारा आठवत नाही.

व्यवहारात काय करता येईल? पेढीतील सगळ्या वाईट प्रथा तुमच्या खांद्यावर नाहीत, हे आधी लक्षात घ्या. जी तूट शेतकऱ्याला माहीत असते आणि उघडपणे कापली जाते, ती योग्य की अयोग्य, हा बाजार समितीचा, व्यापाऱ्यांचा आणि शेतकरी संघटनांचा प्रश्न आहे. तो तुम्ही एकट्याने सोडवू शकणार नाही. तुमच्या विवेकाचा प्रश्न तेथून सुरू होतो, जेथे काट्यावर एक आकडा येतो आणि तुम्ही जाणूनबुजून दुसरा लिहिता. तेवढेच धरा. मालकांना एकांतात, धर्माचा शब्दही न काढता सांगता येईल, की ‘काट्यावर येईल तेच वजन मी पट्टीत लिहीन. तूट किती धरायची ते तुम्ही ठरवा, पण ती वजनात मिसळू नका, वेगळ्या ओळीत लिहिलेली असू द्या, म्हणजे शेतकऱ्याला दिसेल आणि त्याला विचारायचे असेल तर विचारता येईल.’ या मागणीत मालकावर आरोप नाही, आणि हिशेब स्वच्छ असला, तर पुढे तक्रार आली तरी पेढीचेच संरक्षण होते, हेही त्यांना सांगता येईल.

ते ऐकतीलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कदाचित पट्ट्या दुसऱ्याकडे दिल्या जातील आणि तुम्हाला टपालाचे काम मिळेल. कदाचित बोलणी खावी लागतील, कदाचित नोकरीवरही येईल. म्हणून बोलण्यापूर्वी काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेल असे पाहा, ओळखीत हिशेबाचे दुसरे काम मिळेल का याची चौकशी करून ठेवा, आणि जे बोलाल ते रागाच्या भरात बोलू नका. मागे जे लिहिले गेले, ते सगळे उकरून काढण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. तो पैसा तुमच्या घरी आलेला नाही. एखाद्या शेतकऱ्याची पट्टी मनाला टोचत राहत असेल, तर ती गोष्ट तुमच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) एकांतात बोला.

दानीएलाच्या कथेतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या शत्रूंनी आधी त्याच्या राज्यकारभारातच दोष शोधला, पण तो विश्वासू असल्यामुळे त्यांना काही सापडले नाही, आणि म्हणूनच त्यांना त्याच्या प्रार्थनेकडे वळावे लागले. पुढे राजाचा हुकूम निघाल्यावर तो यरुशलेमेकडील खिडकीशी गुडघे टेकून प्रार्थना करतो, तेव्हाही वचन सांगते, की तो पूर्वीपासून करीत होता तसेच करीत होता. हुकूम निघाला म्हणून त्याने खिडकी उघडली नव्हती. तुमच्या बाबतीतही क्रम असाच असावा. पट्टी होती तशीच राहिली आणि दसऱ्याला तुम्ही तेवढी पूजा नाकारली, तर सहकाऱ्यांना त्यात फक्त एक वेगळी जमात दिसेल. वर्षभर तुमच्या हातची पट्टी सरळ निघाली, तर दसऱ्याच्या दिवशी तुम्ही हात जोडून मागे उभ्या राहिलात, तरी त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

हे केवळ बेदाण्याच्या पेढीपुरते नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मिरजेच्या रुग्णालयांतील परिचारिका असतात, शिक्षक असतात, ठेकेदार आणि कारकून असतात, आणि त्यांतील बरेच जण लॉकेट घालावे की नाही, असे विचारतात. रात्रपाळीत ज्या रोग्याच्या नातेवाइकाकडे पैसे नाहीत त्याला तुम्ही कसे उत्तर देता, वर्गातील कोणत्या मुलाच्या वह्या शेवटी तपासता, दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला किती हेलपाटे घालायला लावता, हे प्रश्न फार कमी जण लिहून पाठवतात.

तुमच्या पाळकांविषयी तुमच्या पत्रात आदर आहे आणि तो तसाच राहू द्या. त्यांचा संदेश चुकीचा नव्हता. तो अर्ध्यावर थांबला असावा, एवढेच. त्यांना भेटून सुचवा, की महिला मंडळाच्या किंवा बुधवारच्या प्रार्थना सभेत एकदा प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणची एक खरी अडचण सांगावी आणि त्यावर सर्वांनी मिळून वचन शोधावे. मंडळीत आणखी किती जणांच्या हातात अशी पट्टी आहे, हे तेव्हा कळेल, आणि तुम्ही एकट्या नाही, याचा धीर येईल.

आणि मालकांशी बोलण्यापूर्वी यजमानांशी बोला. त्यांना टिकलीविषयी, पाटीविषयी काही सांगू नका. ते वाद तुमच्यात बरेच झाले आहेत. मुले झोपल्यावर त्यांना पट्टीची गोष्ट सांगा, नोकरीवर काय येऊ शकते तेही सांगा, आणि घरखर्चाचे गणित दोघांनी मांडा. ‘लोकांसारखे राहावे’ म्हणणाऱ्या माणसालाही शेतकऱ्याचे वजन मारलेले आवडत नाही, असे मला वाटते. कार्यशाळेतही सुट्या भागांची नोंद कोणीतरी लिहीतच असते, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही ओळखीचा असेल. दोघांचे ठरले, की मालकांकडे कधी जाणार ते मला कळवा.